कोरडे डोळे आणि कानावरचं ॲक्युपंक्चर : बी की सुई, कुठे, किती दिवस, आणि फरक मोजायचा कसा?

माळवी_भिंग

चैत्र सरला की इंदूरात डोळ्यांच्या तक्रारी वाढतात. दुपारची लू, दुचाकीवर तोंडावर येणारी धूळ, घरात उशाशी लावलेला कूलर, ऑफिसात एसी. विजयनगर आणि सुपर कॉरिडॉरच्या बाजूला दिवसभर स्क्रीनपुढे बसणारी मुलं आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायका, या दोघांची तक्रार सारखीच असते: डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी जळजळतं, वाचताना मधेच धूसर होतं. सध्या त्याला जोडून एक प्रश्न हमखास येतो, "कानाला बी चिकटवली की डोळ्यांचा कोरडेपणा जातो का?" बी म्हणजे कानावरच्या ठरावीक बिंदूवर पट्टीने बसवून दाबायचा छोटा दाणा. कानाचा एक नकाशा मोबाईलवर फिरतो आहे. त्यात ठिपके इतके मोठे काढलेत की एका ठिपक्याखाली तीन बिंदू झाकले जावेत.

इथे डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे आणि ॲक्युपंक्चरचे जाणकार आहेत, म्हणून धागा काढतो आहे. कोणत्या कोरडेपणात याचा विचार करावा, बिंदू नेमके कुठे, बी कशी लावायची, सुई कुणी टोचायची, आणि फरक पडला हे ठरवायचं कशावरून, एवढं नेमकेपणाने लिहावं ही विनंती. फक्त "बरं वाटतं" किंवा "काही होत नाही" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

नेत्रपटल

कानाकडे जाण्याआधी डोळ्याचं. 'कोरडेपणा' या एका नावाखाली निदान दोन वेगळे बिघाड असतात आणि उपाय त्यावर ठरतो.

डोळ्यावरच्या अश्रूंच्या पातळ थरात आत बुबुळाला धरून ठेवणारं म्युसिन असतं, मधे पाणी आणि वर तेल. पाणी अश्रुग्रंथीतून येतं. तेल पापणीच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींतून येतं आणि पाण्याची वाफ होऊ देत नाही. पाणीच कमी तयार होत असेल तर तो पहिला प्रकार. पाणी पुरेसं आहे पण तेल दाट होऊन ग्रंथीत अडकलं, म्हणून थर फाटतो आणि पाणी उडून जातं, हा दुसरा. दुसरा जास्त आढळतो, आणि पुष्कळांत दोन्ही एकत्र असतात. दुसऱ्या प्रकारात डोळ्यातून पाणी वाहतंसुद्धा, कारण बुबुळाला झोंबलं की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. "माझ्या डोळ्याला तर धार लागते, मग कोरडा कसा?" याचं उत्तर हे.

स्क्रीनचा संबंध पापणीशी आहे. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा मिटणारी पापणी स्क्रीनपुढे ५ ते ७ वर येते आणि तीही अर्धवट मिटते. पूर्ण मिटली नाही तर ग्रंथीतलं तेल दाबलं जात नाही.

आता कुणी कानाच्या भानगडीत न पडता सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं: एकच डोळा लाल होऊन दुखतो, उजेड सहन होत नाही, नजर कमी झाली, पापणी पूर्ण मिटत नाही (चेहऱ्याच्या लकव्यात होतं), बुबुळावर पांढरा डाग दिसतो, किंवा लहान मुलाला डोळे कोरडे आणि रात्री कमी दिसतं. शेवटचं अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण आहे आणि त्यात दिवस घालवणं धोक्याचं. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, सांधे दुखतात, असं असेल तर श्योग्रेनचा आजार (प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते) आहे का हे रक्ततपासणीने पाहावं लागतं. मध्यमवयीन बायकांत तो जास्त दिसतो आणि नुसत्या थेंबांवर वर्षानुवर्षं न ओळखताच राहून जातो.

घेत असलेल्या गोळ्याही पाहा. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, नैराश्यावरची काही औषधं, लघवी जास्त करवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, या सगळ्यांनी कोरडेपणा येतो. कारण गोळीत असेल तर कानावर कितीही दाब दिला तरी ते तिथेच राहणार. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्यालाच विचारा.

कर्णबिंदू

नेत्रपटल यांनी जे आधी वगळायला सांगितलं ते वगळलंय असं धरून पुढचं लिहिते.

कानाचा आजचा नकाशा बऱ्याच अंशी फ्रान्सच्या लिऑनमधल्या डॉ. पॉल नोजिए यांच्यामुळे आला. कंबरेतून पायात जाणाऱ्या कळेसाठी कानावर डाग दिलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. त्यावरून त्यांनी कानावर पोटातल्या बाळाची उलटी आकृती कल्पिली आणि १९५७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. डोकं खाली, म्हणून डोळा कानाच्या पाळीवर. पुढे चीनमध्ये हाच नकाशा वाढवला गेला. फ्रेंच आणि चिनी नकाशे सगळीकडे जुळत नाहीत, त्यामुळे १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नावांच्या एकवाक्यतेसाठी लिऑनलाच बैठक घेतली. मोबाईलवरच्या चित्रांत दोन्ही नकाशांची सरमिसळ असते, गोंधळ तिथूनच होतो.

कोरड्या डोळ्यांसाठी साधारण हे चार बिंदू घेतात.

डोळा: पाळीच्या पुढच्या पृष्ठावर. कानाच्या भोकासमोरची खाच संपते तिथून एक आडवी रेघ धरा. तिच्याखालच्या पाळीचे दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांनी नऊ चौकोन कल्पा. मधला, म्हणजे पाचवा चौकोन डोळ्याचा. पुष्कळांचं कान टोचल्याचं छिद्र याच चौकोनात किंवा त्याला लागून असतं.

शेनमेन: कानाच्या वरच्या भागात त्रिकोणी खळगा आहे. त्याच्या मागच्या एक-तृतीयांशात, वरच्या अंगाला.

यकृत आणि मूत्रपिंड: कानाच्या भोकामागे खोलगट वाटी आहे, तिच्या वरच्या अर्ध्या भागात. वाटीची मागची कडा वर जाऊन दुभागते, त्या फाट्याच्या खाली मूत्रपिंड. त्याहून खाली आणि मागे, कडेला लागून यकृत. चिनी परंपरेत यकृत डोळ्यांशी जोडलेलं मानतात, म्हणून ते घेतात. याचा रक्ततपासणीतल्या लिव्हरशी संबंध नाही. "माझं लिव्हर खराब आहे का?" असं घाबरून विचारणाऱ्यांना हे आधीच सांगावं.

चौकोन ठरला की त्यातली नेमकी जागा दाबून शोधायची. साधारण २ मि.मी. बोथट टोकाची सळई सारख्या दाबाने एकेक मिलिमीटर सरकवत जायची. जिथे शेजारच्यापेक्षा जास्त दुखतं तिथे थांबायचं. दाब सारखा ठेवला नाही तर सगळ्याच जागा दुखऱ्या वाटतात. सर्वात जास्त चूक इथेच होते.

रामबाग_रहिवासी

घरच्या घरी करायचं तर बीच बरी ना? बी कसली, किती दिवस ठेवायची, दिवसातून किती वेळा दाबायची? आमच्याकडे मेथीचे दाणे चिकटवतात.

कर्णबिंदू

हो, घरी फक्त बी. सुई घरी अजिबात नाही.

पारंपरिक बी वॅकारिया या वनस्पतीची: गोल, काळी, सुमारे २ मि.मी., कडक. ती चिकटपट्टीच्या छोट्या चौकोनांवर बसवलेली मिळते. मेथी सुजोकवाले (हातापायांवरचे बिंदू दाबायची कोरियन पद्धत) हातावर वापरतात. कानावर ती चालत नाही, कारण तिला कोपरे असतात आणि घामाने ती फुगते. राई तर मुळीच नको. ओली झाली की चिकट होते आणि तिचा तिखटपणा बंद पट्टीखाली कातडीला भाजतो. धातूच्या गोळ्याही मिळतात. नकली दागिन्यांनी ज्यांचा कान चिघळतो त्यांना निकेलची ॲलर्जी असू शकते, त्यांनी त्या टाळाव्यात.

लावायची रीत: कानाला तेल नको, केस ओले नकोत. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने जागा पुसा आणि अर्धा मिनिट पूर्ण वाळू द्या. ओल्या जागेवर पट्टी दोन तासही टिकत नाही. बी चिमट्याने धरून बिंदूवर ठेवा आणि पट्टीच्या कडा दाबून बसवा. एका वेळी एकच कान, चारांतले दोन-तीन बिंदू पुरे.

दाबताना एक बोट पुढे, अंगठा मागे, सरळ दाब. चोळायचं नाही, गोल फिरवायचं नाही. चोळल्याने कातडी सोलवटते आणि पट्टीखाली ते दिसत नाही. एका बिंदूवर ३० ते ६० सेकंद, दिवसातून ३ ते ४ वेळा. बोथट दुखलं, कान गरम झाला, इतपत ठीक. टोचल्यासारखी तीक्ष्ण कळ आली तर बी सरकली आहे किंवा खाली जखम आहे. काढा.

पुस्तकांत ३ ते ५ दिवस ठेवायला सांगतात. इंदूरच्या मे महिन्यात घामामुळे २ ते ३ दिवसांतच काढा. मग एक दिवस कान मोकळा, आणि पुढच्या वेळी दुसरा कान. हेल्मेट हा आपल्याकडचा मोठा अडसर आहे. आतल्या गादीने वाटीतली बी सतत दाबली जाते आणि अर्ध्या तासाच्या प्रवासातही खाली व्रण पडतो. रोज दुचाकी चालवणाऱ्यांनी फक्त पाळीवरचा बिंदू घ्यावा, कारण पाळी बहुतेक हेल्मेटच्या दाबाखाली येत नाही. कानात घालायचे इअरफोन असतील तर वाटीतले बिंदू सोडाच.

सुदामानगर_कानघसा

सुईबद्दल आणि कानाच्या संसर्गाबद्दल मी लिहितो, कारण या सगळ्या प्रकारात खरी हानी व्हायची जागा हीच आहे.

पाळीत कूर्चा (मऊ, लवचीक हाड) नाही, नुसती चरबी आणि कातडी. बाकी कानात कूर्चा आहे आणि तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळतं. सुईबरोबर जंतू तिथे गेले तर आवरणाला सूज येते, खाली पू साठतो, कूर्चेचं पोषण तुटतं आणि ती मरते. मग कान आक्रसून वेडावाकडा होतो आणि पूर्ववत होत नाही.

ओळखायची खूण अशी: कान लाल, गरम, हात लावू न देण्याइतका दुखरा, पण पाळी मात्र साधी राहते. पाळीसुद्धा सुजली असेल तर तो बहुधा वरवरचा कातडीचा संसर्ग. पहिल्या खुणेवर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. इथे बहुधा स्यूडोमोनास हा जंतू असतो आणि घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळीला तो दाद देत नाही. त्यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. पू झाला असेल तर काढावा लागतो. हळद-तेलाचा लेप लावून दोन दिवस वाट पाहिली तर कूर्चा तेवढ्या वेळात जाऊ शकते.

म्हणून सुईचे नियम. पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. एकदाच वापरायची निर्जंतुक सुई, कानासाठी ०.२० मि.मी. जाडीची आणि १३ मि.मी. लांबीची पुरते. आत जायची फक्त १ ते २ मि.मी.; कूर्चेच्या आरपार जायचं काम नाही. २० ते ३० मिनिटं ठेवतात. झोपवूनच टोचावी, कारण कान टोचताना काहींना भोवळ येते. वाटीच्या भागात व्हेगस नसेची फांदी आहे, तिथे हात लागला तर काहींना खोकलाही येतो. उपाशीपोटी येऊ नये. सुया काढताना मोजून काढायच्या, कानातली सुई सहज गळून केसांत अडकते. काढल्यावर एखादा थेंब रक्त येतं, कोरडा कापूस दोन मिनिटं दाबला की थांबतं. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत ते स्पष्ट आहे. दवाखान्यात तसा डबा दिसला नाही तर उठून या.

कानात काही दिवस ठेवायच्या छोट्या सुयाही असतात. इंदूरच्या घामात आणि धुळीत कूर्चेवर त्या ठेवायला माझा स्पष्ट विरोध आहे. कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा झडपेचा आजार असलेल्या रुग्णांना अशा सुयांमुळे हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

रामबाग_रहिवासी

आईला मधुमेह आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बी तरी चालेल का? दुसरं, आपल्याकडे कान टोचल्याने डोळे चांगले राहतात असं जुनी माणसं सांगतात. पाळीवर आधीच छिद्र आहे, मग तो बिंदू कायमचा दाबला गेलाय असं धरायचं?

सुदामानगर_कानघसा

आईंना सुई नको. साखर आटोक्यात असेल आणि कानावर भेग, खाज, इसब काही नसेल तर पाळीवर बी चालेल. पट्टी मात्र रोज काढून खाली पाहा. मधुमेहात नसा मंद झाल्या असतील तर व्रण दुखत नाही, म्हणून नुसत्या दुखण्यावर भरवसा ठेवता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी आहे, त्यामुळे दाब हलका ठेवा, नाहीतर पाळी काळीनिळी होते.

प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी, कान टोचल्यावर गाठ वाढलेल्यांनी आणि झडपेच्या रुग्णांनी सुई पूर्ण टाळावी. गरोदर बायकांनी परंपरेप्रमाणेही हे करून घेऊ नये.

बुगडी आणि भिकबाळीची छिद्रं कूर्चेतून जातात. वरच्या कानाला नुकतीच बुगडी टोचली असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत त्या कानाला बी-सुई काही नको.

कर्णबिंदू

छिद्राबद्दल. भरलेलं जुनं छिद्र म्हणजे बिंदूला सतत दाब, असं धरत नाहीत. तिथे व्रणाची कातडी तयार झालेली असते. त्याच चौकोनात छिद्राच्या बाजूला, निदान ३ मि.मी. सोडून दुखरी जागा शोधा. बी छिद्रावर ठेवली तर ती आत रुतते. कुडी किंवा टॉप्स तेवढ्या दिवसांपुरते काढून ठेवा, फिरकी मागून रुतते.

मज्जातंतू

यंत्रणेबद्दल थोडं लिहितो, कारण "कानाची नस डोळ्याला जोडलेली आहे" हे वाक्य सर्रास ऐकवलं जातं आणि ते तसं बरोबर नाही.

पाळीची संवेदना मानेतून येणाऱ्या नसेकडे आहे, मणक्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या मुळाकडून. वाटीत व्हेगसची फांदी. भोकासमोरचा उंचवटा आणि कानाची पुढची कडा पाचव्या मस्तिष्कनसेकडे. अश्रुग्रंथीला हुकूम जातो सातव्या नसेतून, नाकामागच्या एका गुच्छातून. डोळ्याला झोंबल्याची खबर पाचव्या नसेच्या वरच्या फांदीतून मेंदूला मिळते. म्हणजे पाळीवरचा 'डोळा' हा बिंदू आणि अश्रुग्रंथी यांच्यात थेट तार नाही. परिणाम होत असेल तर तो मेंदूतून फिरून येणारा असणार: दुखण्याची जाणीव मंदावणं, ताण उतरणं, व्हेगसमार्फत होणारा बदल. कोरड्या डोळ्यांत हे किरकोळ नाही. काही रुग्णांत बुबुळाच्या नसाच जास्त हळव्या झालेल्या असतात, तपासणीत फारसं काही सापडत नाही आणि तक्रार मोठी असते. २०१७ ची आंतरराष्ट्रीय व्याख्याही नसांच्या बिघाडाला कोरडेपणाच्या कारणांत धरते.

नसेला चेतवून अश्रू आणता येतात, हे मात्र पक्कं आहे. तो रस्ता नाकातला. नाकाच्या आत पाचव्या नसेची फांदी आहे, ती चेतवली की अश्रू वाढतात. त्यावरच २०२१ मध्ये अमेरिकेत वॅरेनिक्लिनचा नाकात मारायचा स्प्रे मंजूर झाला. कानाच्या बाबतीत इतका सरळ पुरावा नाही.

नेत्रपटल

पुराव्याचं पुढे नेतो. ॲक्युपंक्चर आणि कोरडे डोळे यावर कोरियात दोन नीट अभ्यास झाले. २०१० च्या अभ्यासात खरी सुई आणि दिखाऊ सुई (तुलनेसाठी केलेलं नुसतं नाटक) यांची तुलना होती. दोन्ही गटांना बरं वाटलं, पण गटांत ठळक फरक आला नाही. २०१२ च्या अनेक केंद्रांवरच्या अभ्यासात सुईची तुलना कृत्रिम अश्रूंशी केली. उपचार संपताना दोघांत फरक नव्हता, पुढच्या पाठपुराव्यात सुईचा गट तक्रारींच्या मापात पुढे होता. त्यात दिखाऊ सुईचा गट नव्हता, त्यामुळे पुढे जाणं सुईमुळे की जवळून मिळालेल्या देखभालीमुळे, हे वेगळं करता येत नाही. शिवाय या दोन्ही अभ्यासांचा भर चेहऱ्यावरच्या आणि अंगावरच्या बिंदूंवर होता. नुसत्या कानावरच्या बीला त्यांचा आधार देणं चूक आहे.

म्हणून माझं मत असं: मुख्य उपचार चालू ठेवून जोडीला, ठरावीक मुदतीपुरतं, मोजमाप करून करायला हरकत नाही. कानाला बी लावली म्हणून सायक्लोस्पोरिनचे (डोळ्यातली सूज उतरवणारे) थेंब बंद केले, हे नको. त्या थेंबांचा गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात. मधे सोडले की पहिल्यापासून सुरुवात.

माळवी_भिंग

मोजमापाबद्दल मी लिहितो, ते आमचं रोजचं काम.

तक्रारींसाठी ओएसडीआय नावाची १२ प्रश्नांची यादी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, गेल्या आठवड्याबद्दल. गुणांची बेरीज गुणिले २५, भागिले उत्तर दिलेल्या प्रश्नांची संख्या. बाराही उत्तरं आणि बेरीज २० असेल तर ४१.७. बारापर्यंत सामान्य, १३ ते २२ सौम्य, २३ ते ३२ मध्यम, ३३ पासून तीव्र. सौम्य-मध्यम तक्रारीत साधारण ५ ते ७ गुणांची घट आणि तीव्र तक्रारीत ७ ते १३ गुणांची घट झाली तरच फरक धरायचा. ४१ वरून ३८ झालं तर काही झालं नाही असंच म्हणायचं.

डोळ्याची तपासणी करताना क्रम पाळावा. आधी फ्लुरोसिन या रंगाची पट्टी लावून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहायचं. १० सेकंदांच्या आत फाटला तर बिघाड. शर्मरची पट्टी (पाणी किती तयार होतं ते मोजणारी) त्यानंतर, कारण ती डोळ्याला टोचते आणि पाणी आणते. पट्टी ५ मि.मी. रुंद, ३५ मि.मी. लांब. खाचेवर दुमडून खालच्या पापणीच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात अडकवायची, ५ मिनिटं. १० मि.मी.च्या वर भिजली तर ठीक, ५ च्या खाली कमी. आधी दोन तास थेंब नाहीत, खोलीत पंखा-कूलर बंद. पंखा चालू ठेवून काढलेला आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडता येत नाही.

आता इंदूरपुरतं सर्वात महत्त्वाचं. मे महिन्याच्या मध्याला बी लावायला सुरुवात केली आणि जुलैत मोजलं तर जवळजवळ प्रत्येकाला बरं वाटणार. जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो, हवेत ओल येते, धूळ बसते, कूलर बंद होतात. श्रेय बीला मिळतं. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला मोजा आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजा. तेव्हा हवा आणखी कोरडी झालेली असते. तरीही गुण घटले तर त्या घटीला अर्थ आहे. थंडीत करायचं तर डिसेंबर ते जानेवारी.

आणि त्या काळात एकच गोष्ट बदला. बीबरोबरच नवा चष्मा, नवे थेंब आणि कूलरची नवी जागा, सगळं एकदम केलं तर कशाचा गुण आला ते कळत नाही.

औषधी_दवाबाजार

जोडीच्या उपचारांत दुकानावर दिसणाऱ्या चुका लिहितो.

"डोळे लाल आहेत, लाली घालवणारे थेंब द्या" अशी मागणी रोज येते. नॅफॅझोलिनसारखं औषध रक्तवाहिन्या आवळतं. लाली तात्पुरती जाते, अंमल उतरला की आणखी येते आणि कोरडेपणा आहे तिथेच. स्टिरॉइडचे थेंब जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा नेणं त्याहून वाईट, डोळ्यातला दाब वाढतो आणि मोतीबिंदू होतो. गुलाबजल डोळ्यात घालू नका, ते निर्जंतुक नसतं.

कृत्रिम अश्रूंत ०.५ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा ०.१ टक्के सोडियम हायलुरोनेट नेहमीचे. बाटली टिकावी म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड रोज चारपेक्षा जास्त वेळा पडलं तर तेच बुबुळाला त्रास देतं. तेवढ्या वेळा लागत असतील तर संरक्षकरहित थेंब मागा. एकदाच वापरायची कुपी उघडल्यावर उरलेलं उद्यासाठी ठेवू नका. मोठी बाटली उघडली ती तारीख तिच्यावर लिहा, साधारण चार आठवड्यांनी टाकून द्या. दोन वेगळे थेंब घालायचे तर मधे ५ ते १० मिनिटं.

ओमेगा-३ च्या गोळ्या डोळ्यांसाठी म्हणून बऱ्याच खपतात. २०१८ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, रोज ३००० मिलिग्रॅम. ऑलिव्ह तेलाच्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही.

नेत्रपटल

तेल अडकलेल्या प्रकारात कोणत्याही बिंदूपेक्षा शेकाचं महत्त्व मोठं. ग्रंथीतलं तेल थिजलेल्या तुपासारखं झालेलं असतं, ते वितळायला पापणीला ४० अंशांच्या आसपासची ऊब ५ ते १० मिनिटं टिकून मिळावी लागते. गरम पाण्यात पिळलेला एक रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणूनच "शेक घेतला पण गुण नाही" असं ऐकू येतं. चार-पाच रुमाल आळीपाळीने घ्या, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. शेक झाल्यावर लगेच वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेकडे, हलक्या बोटाने. नंतर दाबलं तर तेल पुन्हा घट्ट झालेलं असतं. रोज दोनदा, निदान चार आठवडे.

कूलर हवेत ओल आणतो, त्यामुळे एसीपेक्षा बरा. पण झोत तोंडावर नको, पायांकडे ठेवा. गेल्या वर्षीची खस तशीच ठेवून कूलर सुरू केला की धूळ आणि बुरशी थेट डोळ्यात येते, ॲलर्जीची खाज सुटते. तिला कोरडेपणा समजून महिना जातो. खाज ठळक असेल तर आधी ॲलर्जी तपासा.

रामबाग_रहिवासी

ॲक्युपंक्चरवाला खरा की खोटा, कसं ओळखायचं? पाटीवर 'नोंदणीकृत' लिहिलेलं असतं.

कर्णबिंदू

केंद्र सरकारने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र आरोग्यपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात २०१५ चा कायदा आहे आणि नोंदणीसाठी परिषद आहे, पण ती महाराष्ट्रापुरती. इंदूरात पाटीवर 'नोंदणीकृत' दिसलं तर नोंदणी कुठे, कशाची, क्रमांक काय, हे सरळ विचारा. त्याशिवाय दोन गोष्टींवरून माणूस कळतो. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद न पाहता जो सुरुवात करतो, त्याच्याकडे थांबू नका. आणि किती बैठकांनी थांबायचं ते जो आधी सांगत नाही, त्याच्याकडेही नको. आठवड्याला एक-दोन, सहा ते आठ बैठका झाल्या आणि ओएसडीआय हलला नाही तर बंद करावं. बीचं गणित तसंच: चार आठवडे, मग मोजमाप.

कानाच्या टोकाला टोचून दोन-तीन थेंब रक्त काढायची पद्धत लाल डोळ्यांसाठी परंपरेत आहे. कोरडेपणासाठी कुणी ती सुचवली तर नाही म्हणा.

सुदामानगर_कानघसा

टोक म्हणजे कूर्चाच, तेव्हा त्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. आणि रामबाग, आईंसाठी एक राहिलं: काढलेली पट्टी-बी पुन्हा चिकटवू नका. चिकट बाजूला मळ आणि घाम असतो, तीच पट्टी दुसऱ्या कानाला लावली तर जंतूही तिकडे जातात. दरवेळी नवी पट्टी, हात साबणाने धुऊन. आणि बी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या कानाच्या मागची बाजूसुद्धा टॉर्चने पाहा, दाबताना अंगठा तिथेच लागतो आणि मागचा व्रण आरशात दिसत नाही.